दत्तूकाकांच्या घराचा पंचनामा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. दोनदा सांगणार होतो — दोन्ही वेळा तिच्यावरच कशावरून तरी डाफरून उठून गेलो.

इकडे घाटावर, कुरुळीत माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. अठराव्या वर्षी कोकणातून आलो, वेल्डिंग शिकलो, भाव करायला शिकलो. गावी समुद्रालगत जागा होती. तिथं बंगला बांधायचा, एवढीच हौस. परवानगी नाकारली. जागा भरतीरेषेच्या फार जवळ. तिथं फक्त किनाऱ्याच्या कायद्याआधीपासूनचं घर असेल तर तेवढंच पुन्हा बांधता येतं. शेजारच्या दत्तूकाकांना, मासेमारीवर जगणाऱ्या माणसाला, ती सवलत. मला नाही. अजूनही मला हे पटत नाही.

काकांशी सौदा करायला गेलो. तुमच्या जुन्या घराच्या जागी, तुमच्या नावावर बांधू. दोन खोल्या तुम्हाला. काका जाळं शिवता शिवता हसले.

“बंगलो तुझो नि नाव माझा? मगे झोपूक मी येव काय?”

बसलेले सगळे हसले. ते हसणं मी इथवर घेऊन आलो — का, कुणास ठाऊक.

पुढं वादळात काकांचं घर पडलं. त्यांनी त्याच जोत्यावर भिंती उभ्या केल्या आणि कुणीतरी तक्रार केली. मी नव्हे. पण त्यानं काय फरक पडतो? घरपट्टीच्या पावत्या वादळात गेलेल्या, ग्रामपंचायतीतली जुनी नोंद जुळेना. म्हणून पंचनाम्याला साक्षीदार म्हणून शेजारी लागला. मी गावी आलेलोच होतो. पंचनाम्याला आलेल्या सरकारी साहेबांनी विचारलं, इथं पूर्वीपासून घर होतं का?

त्या घराच्या पडवीत मी जेवलोय, निजलोय. ‘होतं’ — एवढंच म्हणायचं होतं. काका माझ्याकडे बघत होते. अगदी निर्धास्त.

“मी लहानपणीच गाव सोडलं. नक्की आठवत नाही,” मी म्हणालो. आणि खाली सही केली.

बांधकाम बेकायदा ठरलं, भिंती पाडल्या. काका आता चऱ्होलीला, मुलाच्या फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर असतात. मागच्या महिन्यात भेटायला गेलो. का गेलो? तेही सांगता येत नाही. त्यांनीच विषय काढला.

“तुका आठवला नाय, तेच्यात तुझो काय दोष? मी गावात सगळ्यांका ताच सांगलंय.”

मी ‘हो’ म्हणालो. चहा संपवला.

मला सगळं आठवत होतं.