स्टिअरिंग तेवढं सरळ करा

त्याला सगळे ओळंबा म्हणत. गॅरेजात चाकं मोजायचं मशीन येण्याआधी तो चाकाशेजारी गवंड्याचा ओळंबा सोडून चाक किती कललंय ते सांगायचा, तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. माणूस मुळात तिरसट, आणि वाकड्याची त्याला शिसारी. घरातलं कॅलेंडर जरा तिरपं दिसलं तरी घास खाली ठेवून उठायचा. बायको म्हणायची, "अहो, भिंतच वाकडी आहे. जेवा आता."

तीस वर्षं तो धाकट्या भावाच्या गॅरेजात चाकांचे कोन जुळवत होता, आणि त्यातली दहा तरी गिऱ्हाइकांना विटलेला होता. आरशाला बाहुल्या टांगतील, काचा लखलखीत पुसतील, पण टायरवरून एकदा हात फिरवायचा म्हटलं की यांच्या जिवावर येतं!

त्या दिवशी शाळेच्या मुलांची जुनी व्हॅन आली. ड्रायव्हर म्हणाला, "काका, सरळ जाताना स्टिअरिंग वाकडं दिसतं. तेवढं सरळ करून द्या."

ओळंब्याने मोजलं. खड्ड्यात आपटून डाव्या चाकाला धरून ठेवणारा लोखंडी आर्म मागे वाकला होता आणि तिथला कॅस्टर गेला होता. कॅस्टर म्हणजे चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागचा कल. सायकलच्या पुढच्या चाकाचा दांडा असाच तिरपा असतो, म्हणून हात सोडले तरी ती सरळ धावते. इथे डावीकडचा कल जवळजवळ संपलाच होता. गाडी डावीकडे ओढत होती, वळण संपलं तरी स्टिअरिंग आपसूक परत येत नव्हतं. वेगात जोरात ब्रेक मारला तर ती कुठे घुसेल, हे कुणाचा बापही सांगू शकला नसता.

"आर्म बदलावा लागेल. दोन दिवस ठेवा गाडी."

"दोन दिवस? मग मुलं कोण नेणार? चालते हो गाडी!"

भाऊ तिथेच उभा होता. "दादा, कशाला ताणतोस? स्टिअरिंग काढ, दोन दाते फिरवून बसव. त्याला सरळ दिसलं की झालं."

रोग रेड्याला, औषध पखालीला. चाकं वाकडीच ठेवायची आणि हातातलं वर्तुळ तेवढं सरळ बसवायचं. ओळंब्याला किळस आली. भावाची आली, ड्रायव्हरची आली, आणि मागच्या सीटखाली पडलेला एक इवलासा बूट पाहून स्वतःचीही आली. कारण हे काम त्याने आधी केलं होतं. एकदा नव्हे, कितीतरी वेळा.

तो व्हॅनमध्ये बसला. नट सोडवला, हिसका देऊन स्टिअरिंग काढलं, काखेत मारलं आणि चालू लागला.

"दादा, कुठे चाललास?"

"घरी."

संध्याकाळी भाऊ दारात हजर. "गिऱ्हाईक बोंबलतंय. स्टिअरिंग दे."

"आर्म बसव, मग ने."

"असं असेल तर उद्यापासून गॅरेजात पाय ठेवू नकोस."

ओळंब्याने त्याच्याकडे नीट पाहिलं. याला त्यानेच खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं.

"बरं," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं.

आत बायको स्टिअरिंग मांडीवर घट्ट धरून बसली होती. "देणार नाही म्हणालात ना?" तिने विचारलं.