ब्रेकला गजर नाही

स्नेहलतागंजातल्या त्या मेकॅनिकचं नाव मी विचारलं नाही. सासऱ्यांना आणायला स्टेशनवर निघालो होतो आणि वाटेत स्कूटर पंक्चर झाली, एवढीच आमची ओळख.

त्याने चाक काढलं आणि तेवढ्यात त्याच्या मोबाइलचा गजर वाजला. त्याने पाना खाली ठेवला, एकेक बोट फडक्याने पुसलं आणि स्टुलावर बसून चहा मागवला.

"पोरीनं शिकवलंय, भिया," तो म्हणाला. "पंचवीस मिनिटं मन लावून काम, मग ब्रेक. दिमाग ताजा राहतो."

"आणि ब्रेक संपल्याचा गजर?"

त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "गजराचं टेन्शन घेऊन बसलं, तर आराम कसा होणार?"

मलाही चहा आला. मग शेव आली. चाक भिंतीला टेकून होतं, शेजारी डोळे मिटून तोही.

शेवटी सासरेच फोनवर पत्ता विचारत, बॅग ओढत पायी आले. त्यांचा जन्म सरकारी कचेरीत गेलेला. मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. त्यांनी उरलेलं स्टूल पुढे ओढलं, झोपलेल्या मेकॅनिककडे नीट बघितलं आणि म्हणाले,

"माणूस शिस्तीचा दिसतो."