राऊटरला उदबत्ती

आमच्या घराण्यात तलवार कुणी पाहिलेली नाही. आजोबांनी कापडगिरणीत साचा चालवला, मी ऑफिसात पेन. तरी दसऱ्याला शस्त्रपूजा व्हायचीच. आमची ही विळीपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लावायची. ती गेली आणि पूजा माझ्या गळ्यात आली. मग मी अशी पूजा मांडली की अख्ख्या मुलुंडात कुणी मांडली नसेल. हातोडी, मिक्सर, इस्त्री, आणि मधोमध मानाच्या पाटावर राऊटर! मुलगी बंगळूरला असते. सणासुदीला संध्याकाळी ती मला दिसते, ती या डबीच्या कृपेने.

उदबत्तीचं घर काही सापडेना. राऊटरच्या पाठीला मात्र एक बारीक भोक दिसलं. काडी त्यात इतकी चपखल बसली की म्हटलं, ही डबी बनवणारा नक्की आपल्या कोकणातला. काडी हलू नये म्हणून दाबून धरली आणि आरती सुरू केली, ती कांजूरमार्गला ऐकू जाईल अशा आवाजात. अर्ध्या आरतीत राऊटरचे सगळे दिवे विझले आणि पुन्हा लागले. मी हात जोडले. देव पावला!

पावला कसला, इंटरनेट गेलं होतं.

आमच्या घरात मोबाईलला रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत. तिथे उभं राहून मुलीला फोन लावला.

"बाबा! रिसेटच्या भोकात उदबत्ती खुपसलीस?"

"पेटवली नव्हती गो अजून. मी काय वेडा आहे?"

"सगळी सेटिंग्ज पुसलीस तू. संध्याकाळी दिसणार कसा मला? जा, लॅपटॉप आण."

लॅपटॉप ओट्यावर, गॅसच्या शेजारी ठेवला. राऊटरच्या पोटावरचा पासवर्ड टाकून आत शिरलो. आत विचारलं होतं, इंटरनेट कनेक्शनचा प्रकार कोणता? तीन नावं होती, तिन्ही राक्षसांची वाटली.

"तिसरा घे. आता युजरनेम. कनेक्शन माझ्या नावावर आहे, मी सांगते. बी, बोरिवलीचा बी. जी, घाटकोपरचा जी..."

एरवी तिचा फोन म्हणजे जेवलास का, गोळी घेतलीस का, ठेवते. आज तिला ठेवताच येईना. एकेक पान उघडायला इतका वेळ लागे की तेवढ्यात कोकणात भात पिकावा. तोवर ती बोलत होती. साहेब खडूस आहे. एकटीसाठी श्रीखंड आणायचा कंटाळा आला. मग म्हणाली, "आई विळीवर झेंडू ठेवायची, तू ठेवलास ना?" तिच्या आईबद्दल आम्ही दोघं गेल्या कित्येक महिन्यांत एक शब्द बोललो नव्हतो.

"ठेवला गो."

"बरं, आता सेव्ह दाब. राऊटरचा लाल दिवा जाऊन हिरवा येईल."

दाबलं. हिरवा असा लखलखला की वर्सोव्याच्या होड्यांनी त्याच्यावर नेम धरून किनाऱ्याला लागावं.

"आला का, बाबा?"

"लाल आहे अजून," मी म्हटलं.

"श्शी! वाट लागली. थांब, चहा टाकते, मग पहिल्यापासून बघू."

तिने तिकडे फोन ओट्यावर ठेवला. नळ सुटला, पातेलं वाजलं, लायटर तीनदा फुकट गेला. मी खिडकीत फोन कानाला घट्ट लावून उभा राहिलो.