दवातली पावलं

इथे परदेशात, बुकित तिमाहच्या आमच्या कॉन्डो संकुलात एक निवृत्त सुभेदार भारतातून मुलाकडे राहायला आले होते. हिरवळीवर ते कधीच पाय ठेवत नसत, लांबचा वळसा घालून फरशीवरूनच चालत आणि स्वतःशी पुटपुटत, "सावकाश, सावकाश."

कंबोडियात शांतिसेनेतून जाऊन त्यांनी शेतांतले सुरुंग काढले होते. "तिथली पोरं आता गवतात खेळतात," एवढंच ते सांगायचे.

एका सकाळी माझी मुलगी गवतात शिरली आणि इथल्या पोरांच्या ढंगात ओरडली, "आजोबा, इट्स जस्ट ग्रास लाह!"

ते थबकले. मग दवात उमटलेल्या तिच्या इवल्या पावलांवर आपलं पाऊल नेमकं ठेवत, झोपेत चालल्यासारखे निघाले.

पलीकडे पोचल्यावर त्यांनी चपला काढल्या आणि कुणाच्याही पावलांकडे न बघता, अनवाणी, गवतातूनच परत आले.