डमी

“ताई, तुम्ही विंगेतच थांबा. स्टेजवर रिया जाईन,” संजूभाऊ म्हणाले.

खामगावच्या हॉलमध्ये आमच्या गाण्याचं रिलीज होतं. संजूभाऊ म्हणजे अरेंजर, गाण्याला वाद्यं बसवणारा माणूस. रिया म्हणजे रील्सवर गाजलेली पोरगी. आणि मी निर्मला, धामणगाव बढेची. तीस वर्षं ऑर्केस्ट्रात गाते. हळदीची गाणी, कव्वाली, भीमगीतं, डीजेवर नाचायची गाणी, म्हणाल ते. अनाउन्सर मला ‘व्हर्सटाइल सिंगर’ म्हणतो. नाव आठवलं नाही की तेवढंच म्हणतो.

“काऊन? आवाज कोणाचा हाय?” मी विचारलं.

“तुमचाच हाय नं, ताई. पण चेहरा लागते आजकाल.”

आता डमी म्हणजे काय ते सांगते. नवं गाणं झालं की आधी माझ्यासारखीकडून गाऊन घेतात. ते ऐकून मोठी गायिका शिकते, तिचा आवाज चढतो आणि आमचा पुसतात. अशा डमी मी कितीतरी गायल्या. कधी तक्रार केली नाही. पण हे गाणं संथ होतं, जिनिंगच्या कारखान्यात कापूस निवडून पोरं वाढवलेल्या बाईचं. माझ्या मायनं तेच केलं. म्हणून मी अडून बसले. संजूभाऊ म्हणाले होते, “हाव ताई, याले तुमचाच आवाज ठेवू. नाव बी तुमचंच.”

त्या भरवशावर मी मायला घेऊन आले होते. नाचाच्या गाण्यांपायी ती माझ्या एकाही कार्यक्रमाला आली नव्हती. “असं गाणं गाशीन जे मले बसून आइकता येईन, तवा सांग,” म्हणायची. आज निळं लुगडं नेसून ती तिसऱ्या रांगेत बसली होती.

रियाचं नाव पुकारलं. प्लस ट्रॅक सुरू झाला. म्हणजे ज्यात आवाज आधीच भरलेला असतो, गायकानं फक्त ओठ हलवायचे. दुसऱ्या अंतऱ्यात मधेच एक श्वास ऐकू आला. रेकॉर्डिंगला तिथं मी चुकून मधेच श्वास घेतला होता. मेल्यांनी आवाज माझाच ठेवला होता, नाव मात्र रियाचं. माझीच डमी वाजत होती.

गाणं संपलं. प्रमुख पाहुणे खूश होऊन रियाला म्हणाले, “बेटा, आता बिना म्युझिकच्या दोन ओळी होऊन जाऊ दे!”

रिया विंगेकडे पाहायला लागली. संजूभाऊंनी माझ्या हातात कॉर्डलेस माईक कोंबला.

“ताई, इज्जत राखा.”

“कोणाची?”

“ताई, पाया पडतो!”

तो माईक फेकून निघायला हवं होतं. नाहीतर सरळ चार पावलं पुढं, उजेडात. अजूनही आठवलं की स्वतःचाच राग येतो. पण तीस वर्षांची खोड. हातात माईक आला की तोंड उघडतं. पडद्याआड उभी राहून मी गायले, स्टेजवर रियानं ओठ हलवले. दोन ओळी नाही, अख्खा अंतरा. जीव ओतून गायले, कारण माय ऐकत होती. लोक उठून टाळ्या वाजवत होते. रिया वाकून नमस्कार करत होती.

बाहेर माय चप्पल घालत होती. माझ्याकडं न बघताच म्हणाली, “आवाज तुहा होता.”

“हाव.”

“मंग लपून काऊन गात होती? चोरी केली का तू?”

बसमध्ये ती माझ्यापासून दूर, पुढच्या सीटवर जाऊन बसली.

संजूभाऊंचा महिन्याभरात पुन्हा फोन आला. नवी डमी होती. मी गेले, गायले. फक्त प्रत्येक अंतऱ्यात एका शब्दाच्या जागी ‘निर्मला’ म्हटलं, अगदी सुरात. ऐकून ते कपाळाला हात लावून बसले.

“ताई, हे कसं वापरू?”

“डमी हाय नं भाऊ? पुसून टाका.”

तेव्हापासून मी प्रत्येक डमी अशीच गाते. आणि तेव्हापासून मला डमीला फारसं कुणी बोलावत नाही. आवाज पुसायचाच होता, तर माझ्या नावाची अडचण कशाला? इतकी वर्षं ते खरंच पुसत होते की नाही, कोण जाणे.