अजून शिकायलीच हाय

निंबर्ग्यात डॉक्टर म्हणजे सुई टोचणारा. सुई न टोचता नुसतं विचारत बसणाऱ्या डॉक्टरला काय म्हणावं, हे गावाला ठरवता येत नव्हतं, आणि त्यामुळे शोभाबाईंच्या लेकीची, पंचशीलाची, मोठी पंचाईत झाली होती.

ती एमबीबीएस झाली तेव्हा वस्तीत पेढे वाटले. स्त्रीरोगतज्ज्ञ झाली तेव्हा थोरल्या भावानं, व्यंकटनं, तालुक्याला आळंदला दवाखान्यासाठी गाळा बघून ठेवला. आणि बाईसाहेब निघाल्या बंगळूरला, आणखी शिकायला! डॉक्टरांना संशोधक बनवणारं प्रशिक्षण होतं ते. तिनं विषय घेतला होता: आपल्याकडे चाळिशीच्या आतच बायकांची गर्भाची पिशवी का काढली जाते. पस्तिशीला टेकलेली बाई अजून शिकते म्हटल्यावर गावानं सरळ निष्कर्ष काढला, की नापास होत असणार.

"अजून शिकायलीच हाय व्हय?" शेजारीण विचारायची. शोभाबाई विषय बदलायच्या.

तिकडे प्रशिक्षणात पहिला धडा होता, माहीत नसेल तर माहीत नाही असं सांगा. भल्याभल्या डॉक्टरांच्या तोंडून हे वाक्य निघत नाही. पंचशीलाच्या निघालं, आणि तिथंच घात झाला.

व्यंकटची बायको विजयश्री तिशीतली. तिच्या अंगावर जास्त जायला लागलं. तालुक्याच्या एका डॉक्टरनं सोनोग्राफी केली आणि सांगून टाकलं, पिशवी खराब आहे, उद्या कॅन्सर होईल, काढा. पंचशीलानं फोनवर रिपोर्ट मागवून बघितले.

"वैनी, ह्यात तसलं काई दिसत न्हाई. रक्त कामून जायलंय ते मला आत्ताच सांगता येत न्हाई. गोळ्या घे. मी येते, तपासू. तवर ऑपरेशन करू नको."

विजयश्रीला थांबायचं होतं. पण सुनेच्या पिशवीचा निकाल घरात सासू लावते, आणि फोन आता सासूच्या हातात होता.

"तुला सांगता येत न्हाई, अन् त्यो बगितल्या बगितल्या सांगायलाय," शोभाबाई म्हणाल्या. "तू अजून शिकायलीस, बाई. त्याचं शिकून झालंय."

पंचशीलानं मिळेल त्या बसनं गाव गाठायची धडपड केली. ती तालुक्याच्या त्या दवाखान्यात शिरली तेव्हा विजयश्री आत गुंगीत होती आणि नर्स ट्रे घेऊन बाहेर येत होती. काढलेली पिशवी नातेवाइकांना दाखवायची इथली रीत. डोळ्यांनी बघितलं की कुणी शंका घेत नाही. शोभाबाई पदर सावरून पुढं झाल्या.

पंचशीलानंही बघितलं. गुळगुळीत, मुठीएवढी, कुठं गाठ नाही की सूज नाही. तिचा संताप संताप झाला. आता तिला माहीत होतं, अगदी पक्कं माहीत होतं, आणि ते ती आईच्या तोंडावर सांगणार होती.

तेवढ्यात शोभाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्यानंतर माझी काढली, तवा मलाबी दाखवलती. अगदी अशीच होती." मग लेकीकडे वळल्या. "माझी खराबच होती नव्हं गं?"

पंचशीलानं आईला असं कधी काही विचारताना बघितलं नव्हतं.

"माहीत न्हाई, माय," ती म्हणाली.

शोभाबाईंनी नर्सकडं बघितलं आणि लेकीची बाजू सावरून घेतली.

"अजून शिकायलीच हाय ती."