पोटातलं ओठावर आणणाऱ्या पुष्पाताई

पुष्पाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी धरमपेठेत एका ठेल्यापाशी उभा होतो आणि माझ्या हातात तर्री-पोह्यांची प्लेट होती. फोनवर त्यांचा मुलगा मंगेश होता. प्रताप नगरातल्या आमच्या इमारतीत ते दुसऱ्या मजल्यावर राहतात, आम्ही पहिल्या. त्यामुळे एरवी तो फोन करत नाही, जिन्यातूनच हाक मारतो. "काका, आई गेली..." मग म्हणाला, "सकाळी उठली, कोमट पाणी प्यायली, सगळं आटोपून आली, खुर्चीत बसली अन् बसल्या बसल्याच..." आणि हळूच म्हणाला, "पोट साफ झालं होतं तिचं. खुर्चीत बसता बसता सांगितलं ना तिनं मले, रोजच्यासारखं." आणि आम्ही दोघंही, तो घरात आणि मी भर रस्त्यात, रडता रडता हसायला लागलो. ठेलेवाल्याला वाटलं मला ठसका लागला. त्यानं पाण्याचा गिलास पुढे केला.

पाच आठवडे झाले या गोष्टीला. पुष्पाताई कोण, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या एका मोठ्या दवाखान्यात सिस्टर होत्या आणि नोकरीची बहुतेक वर्षं त्यांनी दुर्बिणीच्या खोलीत काढली. जिथे तोंडावाटे किंवा खालून नळी घालून पोटाची आतून तपासणी करतात, ती खोली. त्या खोलीत शिरणारा प्रत्येक माणूस आधी घाबरलेला असतो आणि त्याहून जास्त लाजलेला असतो. पुष्पाताई घाबरलेल्याचा हात धरायच्या आणि लाजलेल्याला सरळ विचारायच्या, "काय गा, संडास कशी होते? पातळ का घट्ट? रंग कसा?" मोठे अधिकारी, वकील, किराणा दुकानदार, सगळ्यांना एकच प्रश्न. पुढे पुढे त्यांना हे प्रश्न दवाखान्याबाहेरही विचारायची सवय लागली. लग्नाच्या पंगतीत कुणी ढेकर दिली की यांची मान वळलीच म्हणून समजा. मंगेशच्या लग्नाआधी सुनेच्या माहेरी बोलणी चालली असताना त्यांनी होणाऱ्या व्याह्यांना विचारलं होतं, "जेवल्यावर छातीत जळजळते काय तुमच्या?" आणि जळजळत होती! उशिरा जेवून लगेच आडवं व्हायची त्यांची सवय पुष्पाताईंनी तिथल्या तिथे मोडायला लावली. सोयरीक त्यानंतर ठरली.

मी मात्र वेगळ्या घडणीचा माणूस. शाळेत मराठी शिकवण्यात जन्म गेला. या एका क्रियेसाठी भाषेत किती शब्द आहेत ते मी वर्गात सांगू शकलो असतो. शौच, बहिर्दिशा, परसाकडे जाणे, शाळेतली मुलं तर नुसती बोटं दाखवतात... पण स्वतःविषयी यातला एकही शब्द मी सुनंदासमोरसुद्धा, म्हणजे माझ्या बायकोसमोरसुद्धा, कधी उच्चारला नव्हता. अकरा वर्षांपूर्वी मला संडासातून रक्त जायला लागलं. मी मनाशी म्हटलं, मूळव्याध असेल. शाळेजवळच्या दुकानातून चूर्णाची डबी आणली आणि पुस्तकांच्या मागे लपवून ठेवली. कधी चार दिवस पोट साफ व्हायचं नाही, कधी दिवसातून पाचदा पळावं लागायचं. रक्त थांबायचं, मला हायसं वाटायचं, आणि पुन्हा सुरू व्हायचं. असं दीड वर्ष चाललं. आज लिहितानाही डबी लपवणाऱ्या त्या माणसाचा राग येतो मला. पण त्याचं भय खरं होतं. डॉक्टरकडे गेलो तर ते काहीतरी शोधतील, आणि शोधण्यासाठी काय करतील ते मला ऐकून ठाऊक होतं.

एका रविवारी दुपारी सुनंदानं पाटवडीरस्सा केला आणि पुष्पाताईंना जेवायला बोलावलं. तेव्हा त्या नोकरीतच होत्या. त्या जेवत होत्या, मी वाटीत चमचा फिरवत होतो. त्यांनी मला निरखून पाहिलं.

"गुरुजी, पट्ट्याले नवं भोक पाडलं काय?"

"हो, जरा सैल होत होता. सकाळी फिरायला जातो ना."

"मी पण रोज जाते. मले काहून नाही पाडा लागत भोक?" मग चमचा खाली ठेवून, अगदी साध्या आवाजात, जसं कुणी वेळ विचारावी तसं, त्यांनी विचारलं, "संडासातून रक्त जाऊन राहिलं काय?"

सुनंदा आतून भाकरी घेऊन येत होती. ती दारातच थांबली. मी म्हणालो, "थोडंसं... कधीमधी." "कधीपासून?" "दीड वर्ष झालं असेल." सुनंदानं भाकरीचं ताट टेबलावर ठेवलं. "दीड वर्ष! अन् मले नाही सांगितलं?" ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती नुसती खुर्चीत बसली आणि तिचा चेहरा परक्या माणसाकडे पाहावं तसा झाला.

"रागावू नको वं, सुनंदा," पुष्पाताई म्हणाल्या. "माह्या बापानंही मले नाही सांगितलं."

त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं त्यांनी वडलांविषयी सांगितलं. त्या उमरेडच्या, हातमागावर लुगडी विणणाऱ्या घरातल्या. वडील दिवसभर मागावर बसायचे, गुडघे धरायचे, म्हणून दुखण्याच्या गोळ्या उपाशीपोटीच घ्यायचे. पोटात आग पडली की सोडा प्यायचे. पुष्पाताई तेव्हा नागपुरात नर्सिंग शिकत होत्या. वर्गात एक दिवस शिकवलं, की डांबरासारखी काळी संडास म्हणजे जठरातून रक्त वाहतंय. सुट्टीत घरी गेल्या तेव्हा त्यांनी वडलांना विचारायचं ठरवलं, पण बापाला हे कसं विचारायचं... दोन दिवस त्यांच्या तोंडून निघालं नाही. तिसऱ्या दिवशी वडील मागावरून उठताना चक्कर येऊन पडले. उमरेडहून नागपूरला आणेपर्यंत उशीर झाला होता. "आईले नंतर विचारलं तर ती म्हणे, महिनाभर सांगत होते काळी होते म्हणून. मी म्हटलं, जांभळं खाल्ली असतील," पुष्पाताई म्हणाल्या. "तेव्हापासून मी कोणाले विचाराले लाजत नाही. चला, जेवा आता. उद्या सकाळी माह्यासंगं यायचं."

मोठ्या आतड्याच्या तपासणीआधी पोट रिकामं करायचं असतं. त्यासाठी खारट-गोडसर पाणी गिलासामागून गिलास प्यायचं. त्या दिवसाचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगतो, की पुष्पाताई दर तासाला जिन्यातून ओरडून विचारत होत्या, "गुरुजी, साफ पाणी आलं काय?" आणि तिसऱ्या वेळी मी, माझ्याही नकळत, तितक्याच मोठ्यानं उत्तर दिलं होतं, "अजून पिवळं!" समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले. माझी जन्मभराची लाज त्या एका वाक्यात वाहून गेली. टेबलावर झोपवल्यावर मात्र मी टेबलाची कड घट्ट धरली. पुष्पाताईंनी हात धरला आणि म्हणाल्या, "गुरुजी, मले समास कधी समजलेच नाही. सांगा बरं." झोपेचं इंजेक्शन शिरेत जात होतं. मी अव्ययीभाव सांगितला, तत्पुरुष सांगितला, द्वंद्वापाशी डोळे मिटले. जागा झालो तेव्हा सगळं संपलं होतं.

मूळव्याध होतीच. पण तिच्या पलीकडे, मोठ्या आतड्यात, अळंबीसारखा एक मोड वाढला होता आणि डॉक्टरांनी तो त्याच वेळी काढून टाकला होता. तो तपासायला पाठवला. अहवाल येईपर्यंतचे आठ दिवस सुनंदा माझ्याशी कामापुरतं बोलली. पुष्पाताई रोज संध्याकाळी खाली यायच्या आणि आम्हा दोघांच्या मध्ये बसून टीव्ही पाहायच्या. अहवाल आला : कॅन्सर नव्हता, पण तो मोड तसाच राहिला असता तर पुढे होऊ शकला असता. तो कागद सुनंदानं दोनदा वाचला, घडी घातली आणि मला म्हणाली, "आता काही लपवाल तर मीच मारीन." त्यानंतर मी कधी काही लपवलं नाही. ठरल्याप्रमाणे पुन्हा तपासण्या झाल्या, सगळं स्वच्छ आहे.

निवृत्तीनंतर पुष्पाताई गावोगाव, शाळांतून, बचत गटांतून पोटावर बोलायला जायला लागल्या. मी पिशवी धरायला. त्या पिशवीत त्यांनी स्वतः शिवलेलं एक कापडी आतडं असायचं. जुन्या लुगड्यांचे काठ जोडून केलेलं, आधी अन्ननलिका, मग कापूस भरलेली जठराची थैली, मग लहान आतड्याची वीस फुटांची पट्टी आणि शेवटी मोठं आतडं, जांभळ्या जाड काठाचं. एक टोक माझ्या हाती द्यायच्या आणि दुसरं घेऊन बायकांच्या रांगांतून चालत सुटायच्या. हसण्याचा गलका व्हायचा. त्या हसण्यातच त्या सांगत जायच्या. बद्धकोष्ठ असेल तर रोज चूर्ण कशाला घेता, पाणी वाढवा, भाजी, सालीसकट डाळ वाढवा, चाला आणि आलेली संडास दाबू नका. दूध प्यायल्यावरच पोट गुबारत असेल तर पंधरा दिवस दूध बंद करून पाहा. परीक्षेच्या, भांडणाच्या दिवसांत पोट बिघडत असेल आणि तपासणीत काही सापडत नसेल, तर ते खोटं दुखणं नव्हे, आतड्यालाही मन कळतं. सगळ्यात शेवटी बोट वर करून त्या म्हणायच्या, "पण रक्त, काळी संडास, घास अडकणं, वजन उतरणं... यातलं एक जरी असलं तर माह्यं भाषणही ऐकत बसू नका. डॉक्टरकडे पळा."

भिवापूरच्या महिला गटाला त्यांनी तारीख दिली होती. ती त्यांच्या तेराव्यानंतर चार दिवसांनी येत होती. मी नाही म्हणून कळवणार होतो, पण मंगेशनं पिशवी आणून माझ्या दारात ठेवली आणि वर निघून गेला. तेव्हा मी आणि सुनंदा गेलो. एक टोक तिनं धरलं, दुसरं मी. मला त्यांच्यासारखं बोलता येत नाही. मी मास्तरासारखं बोललो. तरी बायका हसल्या, प्रश्न विचारले. चहाच्या वेळी एक गृहस्थ, बाबाराव, गटातल्या एका बाईंचे यजमान, मिरचीचे शेतकरी, भिंतीशी उभे होते. त्यांनी कप घेतला, पण बिस्कीट परत ठेवलं. मी जवळ गेलो आणि विचारलं, "घास अडकतो काय?" त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तीन महिने झाले गुरुजी. भाकर उतरत नाही. मिरची सोडून पाहिली. आता वरणाच्या पाण्यावर चालून राहिलं." बायको म्हणाली, "मले तर म्हणत होते, उपास करून राहिलो!"

दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यांना पुष्पाताईंच्या जुन्या दवाखान्यात नेलं. वर्षानुवर्षं वर येणाऱ्या आम्लानं अन्ननलिका खालच्या बाजूला आवळली होती. डॉक्टरांनी तुकडा तपासला, त्यात वाईट काही निघालं नाही. मग ती जागा दुर्बिणीतूनच रुंद केली आणि आम्लाची गोळी सुरू केली. परवा बाबारावांचा फोन आला. अर्धी भाकर खाल्ली म्हणाले, आणि डॉक्टरांनी सांगितलं म्हणून चावून चावून, अर्धा तास लावून.

त्या भिवापूरच्या गडबडीत कापडी आतड्यावर चहा सांडला होता. काल सुनंदानं ते धुतलं आणि आमच्या गॅलरीत वाळत घातलं. एका दोरीवर मावेना, म्हणून मंगेशच्या गॅलरीतून खाली दुसरी दोरी सोडली. उन्हात ते लाल, हिरवे, जांभळे काठ दोन मजले हलत होते. समोर नवीन राहायला आलेली एक तरुण मुलगी भाजीची पिशवी घेऊन थांबली आणि वर पाहत म्हणाली, "काकू, कुठली साडी आहे हो ही? किती लांब!"

"साडी नाही वं, आतडं आहे," सुनंदा वरून खणखणीत आवाजात म्हणाली. "ये, चहा घे. तुझं पोट कसं आहे?"

मुलगी आधी गोंधळली, मग हसली. मग तिनं इकडे तिकडे पाहिलं, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि फाटक उघडून आत आली.